भरलेली डिपस्टिक आणि ओला पुठ्ठा

गाडी टोयोटा कॅमरी, १९९९ चं मॉडेल. २.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मीटरवर १ लाख ८७ हजार मैल, म्हणजे तीन लाख किलोमीटरच्या जरा वर. ठिकाण न्यू जर्सीतलं एडिसन. तक्रार एकच: गाडीखाली तांबडं तेल. शोध लागायला सात आठवडे गेले. दुरुस्तीचं सामान वीस डॉलरच्या आत आलं, आणि मधल्या काळात मी एक काम विनाकारण केलं. ते का केलं तेही लिहितो, कारण तिथं माझ्यासारखे बरेच जण फसतात.

मार्चच्या शेवटी बर्फ गेलं आणि पार्किंगमधली आमची जागा पहिल्यांदा कोरडी दिसली. मधला बशीएवढा डाग सोडून. बर्फ होतं तोवर गळती कधीपासून चालू आहे हे कळायला मार्गच नव्हता. मीठ, चिखल आणि वितळलेलं पाणी यांत सगळंच तांबूस-काळं दिसतं. आठवड्याभरात अपार्टमेंटच्या ऑफिसची चिठ्ठी वायपरखाली खोचलेली मिळाली: डांबरावर तेल सांडतंय, बंदोबस्त करा. पार्किंगमध्ये गाडी खोलायला इथं मनाई आहे, त्यामुळे पुढचं सगळं काम मूळच्या नाशिकच्या एका मित्राच्या इथल्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवार गाठून झालं.

गाडी विकायला काढली असती तर फार तर दीड-दोन हजार डॉलर आले असते. म्हणून प्रश्न नुसता गळती कुठून एवढाच नव्हता. शोधण्यावर किती खर्च करायचा हाही होता.

तांबड्या रंगाचे तीन दावेदार

इंजिनचं तेल तपकिरी-काळं, ब्रेकचं पिवळसर. त्यामुळे तांबडं दिसलं की लोक लगेच गिअरबॉक्स म्हणतात. या गाडीत ते इतकं सोपं नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल तांबडं, कारण ते इंजिन तेलापासून वेगळं ओळखू यावं म्हणून त्यात रंग घालतात. पॉवर स्टिअरिंगमध्येही तेच, डेक्सरॉन नावाचं तेल. आणि त्या काळात टोयोटाचं कूलंटसुद्धा तांबडंच असायचं. म्हणजे एका बॉनेटखाली तीन तांबडे.

कूलंटचा निकाल वाटीभर पाण्यात लागला. पुठ्ठ्यावरचा थेंब काडीनं उचलून पाण्यात टाकला, तो वर तरंगत राहिला. कूलंट असतं तर विरघळून गेलं असतं. बोटांवर चोळलं तर चिकट-गुळगुळीत, वास किंचित करपट. तेलच होतं.

राहिले दोन, आणि त्यांच्यात तेलावरून फरक करता येत नाही. जागेवरून करावा लागतो. ड्रायव्हरच्या सीटवर बसून पाहिलं तर या गाडीत इंजिन उजवीकडं आणि गिअरबॉक्स डावीकडं, दोन्ही आडवे बसवलेले. स्टिअरिंगचा पंप उजव्या टोकाला, पण त्याचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, मागच्या बाजूनं आडवा थेट डाव्या चाकापर्यंत येतो. म्हणून डाग डावीकडं आहे एवढ्यावरून रॅक सुटत नाही. मी टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा रात्री गाडीखाली सरकवला, त्यावर चारही टायरच्या जागा मार्करनं आखल्या आणि पुढच्या बाजूला बाण काढला. हे बाणाचं कितीही बालिश वाटलं तरी करावं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा बाहेर ओढला की आपण तो कसा ठेवला होता हे हमखास विसरायला होतं.

चार रात्री पाहिलं. रात्रीत दहा-बारा थेंब, सगळे डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, चाकाच्या रेषेपासून वीतभर मागं. स्टिअरिंगच्या टाकीवर तेलाच्या पातळीला मार्करची बारीक रेघ मारली. दोन आठवड्यांनी तेल रेघेवरच होतं. रॅकच्या डाव्या रबरी बूटाला दाबून पाहिलं, आत कोरडा. स्टिअरिंग सुटलं.

मग गिअरबॉक्सच उरला. तो तपासायची पद्धत मॅन्युअलप्रमाणे अशी: गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवायची, सपाट जागी उभी करून इंजिन चालू ठेवायचं, लिव्हर पार्कपासून शेवटच्या गिअरपर्यंत नेऊन परत पार्कवर आणायचा, मग डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पुसायची, घालायची आणि परत काढायची. दोन्ही बाजूंवर वेगळी पातळी दिसली तर खालची खरी धरायची. मी हे तीनदा केलं. तिन्ही वेळा तेल गरम पट्ट्याच्या वरच्या खुणेला टेकलेलं.

इथंच मी थांबायला हवं होतं. रोज रात्री दहा-बारा थेंब जातायत आणि डिपस्टिक हलत नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असेल तर तिसरं काहीतरी आपल्याला ठाऊक नाही असा त्याचा अर्थ. मी अर्थ असा लावला की गळती बारीक आहे, डिपस्टिकवर दिसायला वेळ लागेल.

विनाकारण केलेलं काम

मित्राकडं गाडी पुढून उचलून स्टँडवर ठेवली आणि खाली सरकलो. गिअरबॉक्सचा पॅन, म्हणजे खालचं पत्र्याचं ताट, काठानं ओलं होतं. एका बोल्टच्या टोकाला थेंब लोंबकळत होता. मला गुन्हेगार सापडला.

आधी एका गिअरबॉक्सवाल्यांना दाखवलं. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च फिरवला, वय विचारलं, आणि दहा मिनिटांत सांगितलं की पुढच्या पंपाचं सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि एवढ्या चाललेल्या गाडीचा उतरवलाच तर पूर्ण ओव्हरहॉल करून घ्या. आकडा २,८०० डॉलर. मी आभार मानून निघालो. त्यांच्यावर राग नाही. दहा मिनिटांत दिसेल तेवढंच त्यांनी पाहिलं. पण पंपाच्या सीलचं तेल इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात त्या घंटेच्या आकाराच्या कव्हरातून टपकतं, आणि ते कव्हर तर खालून कोरडं होतं. मलाही त्यांच्याहून फार जास्त कळत नव्हतं, एवढं मात्र दिसत होतं.

म्हणून मी स्वतःच पॅन काढला. अडीच लिटर तेल निघालं, पॅनच्या जोडातलं जुनं गॅस्केट खरवडलं, गाळणी बदलली, आतले लोहचुंबक पुसले. त्यांच्यावर करड्या रंगाचा मऊ लेप होता, तो एवढ्या चाललेल्या गाडीत असतोच. लोखंडाचे कण किंवा तुकडे दिसले असते तर वेगळी गोष्ट होती. नवं गॅस्केट घालून बोल्ट पाचेक न्यूटन-मीटरनंच आवळले. हा आकडा ऐकून लोकांना विश्वास बसत नाही, कारण हातातल्या छोट्या पान्ह्यानंसुद्धा त्याहून जास्त जोर लागतो. पण पॅन पत्र्याचा असतो. जास्त पिळलं की बोल्टांच्या मधला काठ वर उचलला जातो आणि गॅस्केट कितीही चांगलं असलं तरी तिथून झिरपतं.

दोन दिवस पुठ्ठा कोरडा. तिसऱ्या दिवशी थेंब, त्याच जागी.

चूक पद्धतीत होती. तेल खाली ओघळतं, आणि गाडी चालत असताना वाऱ्यानं मागं ढकललं जातं. पॅन हा सगळ्यांत खालचा भाग. वर कुठंही गळलं तरी शेवटचा थेंब पॅनच्या काठाला येऊन लोंबकळणार. तो काठ ओला दिसला म्हणजे तेल तिथवर पोचलं एवढंच कळतं. निघालं कुठून हे शोधायचं तर आधी सगळं कोरडं करायला हवं होतं, आणि मी ते न करताच पाना उचलला होता.

दिवा आणि न चमकणारा थेंब

मग रीतसर सुरुवात केली. इंजिन गार असताना डिग्रीझर मारला, जुन्या दात घासायच्या ब्रशानं कोपरे काढले, अल्टरनेटरवर प्लास्टिक बांधून पाइपनं धुतलं आणि एक दिवस वाळू दिलं. वर्षानुवर्षांची काजळी गेल्यावर गिअरबॉक्स अॅल्युमिनियमचा आहे हे पहिल्यांदा कळलं.

डिपस्टिकच्या नळीतून गिअरबॉक्सच्या तेलात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग घातला. तो गाड्यांच्या सामानाच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळतो; सोबत दिवा आणि पिवळा चष्मा. तीस मैल गाडी फिरवली, रात्री गॅरेजचे दिवे बंद करून खाली गेलो.

पॅनच्या काठाला थेंब होता आणि तो अजिबात चमकत नव्हता.

पहिली शंका रंगाच्या बाटलीवर. डिपस्टिक काढून कागदी रुमालाला पुसली आणि त्यावर दिवा धरला, तर रुमाल पोपटी-पिवळा लखलखला. म्हणजे रंग चांगला, दिवा चांगला, आणि गिअरबॉक्सच्या तेलात तो नीट मिसळलेला. गळणारं तेल मात्र त्या तेलातलं नव्हतं. स्टिअरिंगची पातळी आजही मार्करच्या रेघेवर. कूलंट नाही. तिन्ही तांबडे निर्दोष सुटले होते आणि पुठ्ठा ओला होत होता.

बाबांचा प्रश्न

एप्रिलच्या मध्याला बाबा सहा महिन्यांसाठी आले. एकतीस वर्षं एसटीत मेकॅनिक, त्यातली बहुतेक सांगली डेपोत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता आणि आपल्याला त्यातलं कळत नाही हे ते मोकळेपणानं सांगत होते. शनिवारी माझ्याबरोबर आले, मित्राच्या गॅरेजात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि चहा घेत माझं सगळं ऐकून घेतलं. गाडीखाली जायच्या आधी स्टँड हलवून पाहिले, शिवाय एक लाकडी ठोकळा चाकाखाली सरकवला. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचं नाही, हा नियम त्यांच्या डोक्यात एसटीपासून आहे.

मग म्हणाले, "गिअरबॉक्सचं कळलं. डिफ्रन्सचं आईल कुठनं बघतोस?"

"बाबा, ही फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. मागं काही नसतं. डिफरन्शियल, दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर, पुढंच, गिअरबॉक्समध्येच."

"गिअरबॉक्समधी आसंल. पर आईल एकच हाय का?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. मग उठून मॅन्युअल काढलं, कारण हो म्हणायला माझ्याकडं काही आधार नव्हता.

त्यांच्या डोक्यात बस होती. टाटाची असो की लेलँडची, तिथं गिअरबॉक्स पुढं, मधे लांब प्रॉपेलर शाफ्ट, आणि डिफरन्शियल मागच्या अॅक्सलच्या पोटात. दोन डबे, दोन तेलं, दोन ठिकाणी बघायचं. माझ्या डोक्यात गेल्या वीस वर्षांतल्या गाड्या होत्या, ज्यांत बहुतेक वेळा एकच तेल सगळीकडं फिरतं. त्यामुळे हा प्रश्न मला पडलाच नसता. मॅन्युअलच्या तेलाच्या मापांच्या पानावर दोन ओळी होत्या, एकाखाली एक: गिअरबॉक्स, काढून भरायला २.५ लिटर, डिफरन्शियल, १.६ लिटर. दोन्हींसाठी तेल तेच, डेक्सरॉन.

या चार सिलिंडरवाल्या कॅमरीतल्या गिअरबॉक्सची रचनाच तशी आहे. बाहेरून अॅल्युमिनियमचा एकच ठोकळा दिसतो, आत मधे भिंत आहे. अलीकडं गिअरबॉक्स, पलीकडं डिफरन्शियल. दोघांना जोडणारा दांडा सीलमधून जातो, तेल जात नाही. डिपस्टिक अलीकडच्या खोलीतली पातळी दाखवते. ती खोली पहिल्यापासून भरलेलीच होती, डिपस्टिक मला तेच सांगत होती. पलीकडच्या खोलीला डिपस्टिकच नाही, पातळी बघायला नुसता बाजूला एक बोल्ट आहे.

यातून एक गोष्ट निघते जी मला गळतीपेक्षाही महत्त्वाची वाटली. ज्यांनी ज्यांनी या गाडीचं गिअरबॉक्स तेल बदललं, त्यांनी पॅनचा बोल्ट काढला, डिपस्टिकच्या नळीतून नवं भरलं आणि बिल दिलं. मीही पॅन काढला तेव्हा तेच केलं. पलीकडच्या खोलीला कुणी हात लावल्याची एकही नोंद गाडीच्या कागदांत नाही. म्हणजे कारखान्यातून जे तेल भरून आलं तेच बहुधा पंचवीस वर्षं आत होतं, आणि त्यातलंच आता पुठ्ठ्यावर टपकत होतं.

आत बोट घातलं तेव्हा

डिफरन्शियलचं तेल काढताना भरायचा बोल्ट आधी सोडवायचा, निचऱ्याचा नंतर. उलट केलं आणि वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला, तर तेल काढून झालेलं असतं आणि भरायला वाट नसते. आमचा वरचा बोल्ट अडकलेलाच होता. गंज सोडवायचा स्प्रे मारून, रात्रभर ठेवून, सकाळी लांब दांड्याच्या पान्ह्यानं सुटला.

तेलाची पातळी भोकाच्या खालच्या कडेपासून पाच मिलिमीटरच्या आत असायला हवी. मी करंगळी घालून खाली वाकवली. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी.

लगेच तेल काढून सील बदलायला घ्यावं असा मोह झाला, पण पॅनच्या वेळचं आठवत होतं. पातळी कमी आहे हे कळलं, कुठून गेली हे अजून कळलेलं नव्हतं. डिफरन्शियलला डावं-उजवं अशी दोन ऑईल सील, दोन्ही चाकांकडं जाणाऱ्या ड्राईव्ह शाफ्टवर. शिवाय कव्हरचा जोड. म्हणून उरलेला चमकणारा रंग थोड्या तेलात मिसळला आणि हातपंपानं भोकातून भरत गेलो. काठापर्यंत यायला जवळजवळ सातशे मिलिलिटर लागले. १.६ लिटरच्या जागेत सातशे कमी.

इथं हिशेब करून पाहिला. आठ महिन्यांपूर्वी, गेल्या उन्हाळ्यात, डावा ड्राईव्ह शाफ्ट एका गॅरेजमध्ये बदलून घेतला होता. बाहेरचा रबरी बूट फाटून ग्रीस उडत होतं म्हणून. त्याआधी पार्किंगमध्ये डाग पडल्याचं कुणालाच आठवत नाही. आठ महिने म्हणजे साधारण २४० दिवस, सातशे मिलिलिटर, दिवसाला तीनच्या आसपास. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरले तर दिवसाला साठ. पुठ्ठ्यावर रात्रीत दहा-बारा. म्हणजे चार-पंचमांश गळती गाडी चालत असताना होत होती, जेव्हा आतला मोठा गिअर तेल उडवतो आणि शाफ्ट फिरत असतो. पार्किंगमधला डाग पाहून मी गळती बारीक धरली होती, ती एवढी बारीक नव्हती.

वीस मैल चालवून रात्री परत दिवे बंद केले. या वेळी बाबाही खाली वाकले, पिवळा चष्मा लावून. डावा शाफ्ट जिथं ठोकळ्यात शिरतो तिथं पोपटी कडं, पूर्ण गोल. शाफ्टच्या समोर सबफ्रेमवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, त्याच रेषेत बारीक शिंतोडे, फिरणाऱ्या शाफ्टनं उडवलेले. आणि कड्यापासून खाली एक ओघळ, जो केसिंगच्या कडेनं वळून पॅनच्या काठावर येत होता. काठाच्या ज्या बोल्टवर माझा थेंब लोंबकळायचा, तो ओघळ बरोबर तिथं संपत होता. उजवीकडं सीलखाली नुसता ओलसर पट्टा, थेंब नाही.

"कडं बघ कसं चमकतंय," बाबा म्हणाले. "आमच्याकडं आसलं काय असतं तर निम्मं डेपो रातीचं खाली झोपलं आसतं."

सील

काम एका माणसाचं आहे, पण दोघं असलेले बरे. चाकाच्या मधला मोठा नट, ३० मिलिमीटरचा, गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो. त्याला पिन आणि टोपी असते, आणि परत आवळताना मॅन्युअलचा आकडा २९४ न्यूटन-मीटर आहे. अंदाजानं आवळायची ही जागा नव्हे. मग गाडी स्टँडवर, चाक काढायचं, डिफरन्शियलचं तेल काढायचं. नंतर खालच्या आर्मपासून बॉल जॉइंट सोडवून हब बाहेरच्या बाजूला झुलवायचा, शाफ्टचं बाहेरचं टोक हबमधून मागं ढकलायचं आणि आतलं टोक पहारीनं हलकेच उचकटायचं. ते एका स्प्रिंगच्या रिंगवर अडकलेलं असतं, खट्ट आवाज करून सुटतं.

जुनं सील काढायच्या आधी ते केसिंगमध्ये किती खोल बसलंय ते व्हर्निअरनं मोजून कागदावर लिहिलं. सील काढल्यावर सील कुठवर होतं हे कुणीच सांगू शकत नाही.

सील हातात घेऊन फिरवलं. ऑईल सीलच्या आत रबराचा पातळ ओठ असतो आणि त्याच्या पाठीमागं तारेची बारीक गोल स्प्रिंग, जी ओठ शाफ्टवर दाबून धरते. इथं स्प्रिंग खाचेतून निम्म्या गोलावर बाहेर निघाली होती, आणि तिथंच ओठावर खसखशीच्या दाण्याएवढा चिरा होता. बाकीचं रबर नखानं दाबलं तर दबत नव्हतं, टणक झालेलं. म्हणजे दोन गोष्टी एकत्र झाल्या. पंचवीस वर्षांचं सील आधीच वाळलं होतं, पण जुन्या शाफ्टवर त्याच जागी वर्षानुवर्षं घासून बसलं होतं म्हणून तग धरून होतं. नवा शाफ्ट आत घालताना टोकाचे दाते ओठावर टेकले, चिरा पडला, स्प्रिंग सरकली. शाफ्ट बदलताना सील बदलायचा रिवाज असतो तो यासाठीच. दहा डॉलरचं सील, आणि शाफ्ट तेव्हा बाहेर निघालेलाच असतो. त्या वेळी ते झालं नाही. मलाही विचारायचं सुचलं नव्हतं.

नवा शाफ्ट जिथं सीलवर फिरतो ती जागा नखानं तपासली. खाच पडलेली असती तर नवं सीलही टिकलं नसतं. जागा गुळगुळीत होती.

बाबांना आणखी एक शंका होती: ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची वाट, तुंबला असणार. एसटीच्या मागच्या अॅक्सलवर ब्रीदर चिखलानं बंद झाला की आत गरम हवेचा दाब वाढतो, तेल सीलमधून बाहेर येतं आणि थेट ब्रेकवर जातं; असं त्यांनी अनेकदा काढलेलं. इथला ब्रीदर मोकळा निघाला. "मग र्‍हाऊ दे," म्हणाले, पण तोंडावरून पटलेलं दिसलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा फुंकून दाखवल्यावर उठले.

नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावलं, हातानं सरळ टेकवलं आणि त्यावर जुनं सील उलटं ठेवून बाबांनी हातोडीच्या हलक्या टोल्यांनी बसवलं. गोल फिरत, एका जागी दोन टोले नाहीत. मापाचा पाइप शोधायला मी निघालो होतो, त्याची गरज पडली नाही. खोली परत मोजली, कागदावरच्या आकड्याशी जुळली. शाफ्टवर नवी रिंग, तिचं उघडं तोंड खाली. शाफ्ट आत घालताना मी दोन्ही हातांनी त्याचं वजन उचलून धरलं आणि बाबांनी टॉर्च धरून दाते ओठाला लागत नाहीत ना ते पाहिलं. खट्ट झाल्यावर ओढून बघितलं, निघाला नाही.

तेलाचा प्रश्न छोटा पण नेहमी विचारला जाणारा. मॅन्युअलमध्ये डेक्सरॉन दोन किंवा तीन लिहिलंय. जनरल मोटर्सनं तिसऱ्या आवृत्तीचे परवाने २००६ अखेर बंद केले आणि त्याजागी सहावी आणली, जी जुन्यांच्या जागी चालते असं त्यांचं म्हणणं आहे. मी जुन्या डेक्सरॉनला चालेल असं बाटलीवर लिहिलेलं साधं तेल घेतलं. एक क्वार्टच्या दोन बाटल्या, त्यातली दुसरी थोडी उरली. भोकातून ओघळ येईपर्यंत भरलं, बोल्ट बंद केला. काढलेलं तेल काळपट तांबडं होतं, बोटांवर चोळल्यावर बारीक चमक, पण खरखर नाही. ते बाटल्यांत भरून सामानाच्या दुकानात परत दिलं, तिथं जुनं तेल फुकट घेतात.

नंतर

पहिले दोन दिवस पुठ्ठा कोरडा. तिसऱ्या दिवशी दोन थेंब, आणि माझ्या पोटात गोळा. दिवा धरला तर थेंब चमकत होते. नवं तेल चमकणारा रंग न घालता भरलेलं, म्हणजे हे जुनं, सबफ्रेमच्या खोबणीत साचलेलं. खोबण चिंधीनं पुसली. त्यानंतर दहा रात्री पुठ्ठा तसाच, फक्त एसीच्या पाण्याचा एक गोल.

ताशी ४५ मैलांच्या आसपास एक बारीक घुमणारा आवाज यायचा, तो आता कमी झालाय असं घरात सगळ्यांचं मत आहे. मला खात्री नाही. तेल भरल्यावर आवाज कमी होईल अशी माझीच अपेक्षा होती, आणि अपेक्षा असली की कान तसं ऐकतात. तेल कमी असताना बेअरिंगला काही झालं असेल तर ते पुढं कळेलच.

उजव्या सीलखालचा ओलसर पट्टा तसाच आहे. पुसून, त्याच्या कडेला मार्करनं खूण करून तारीख आणि १,८७,४१२ मैल असा आकडा लिहून ठेवलाय. उजवा शाफ्ट मधे एका ब्रॅकेटमधून जातो आणि तो काढणं डाव्यापेक्षा कटकटीचं आहे, म्हणून थेंब पडेपर्यंत थांबायचं ठरवलं. नवं सील मात्र आणून ठेवलंय. बाबा ऑक्टोबरमध्ये परत जातायत. त्याआधी उरकून टाकू असं ते दर शनिवारी म्हणतात.